गोटी सोडा

“आबा, हा गोटी सोडा फोडून दे ना.”

नातवाच्या हातात तपकिरी काचेची बाटली होती. तळाशी दहा-बारा गोट्या आणि वर गळ्यापर्यंत पाण्यासारखं काहीतरी. मे महिन्यात आबांनीच, म्हणजे माझ्या मामाने, त्याला गाडीवर नेऊन गोटी सोडा पाजला होता. गाडीवाल्याने गोटी आत ढकलली, ठॉक्कन आवाज झाला, फेस वर आला. चार वर्षांच्या पोराला आणखी काय पाहिजे? बाटलीत गोटी दिसली म्हणजे सोडा, हे त्याचं गणित त्या दिवसापासून पक्कं. या बाटलीत होतं डी-७६, फिल्म धुवायचं डेव्हलपर. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. मामीने बाटली काढून घेतली, मामाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि मला फोन लावला. “तू केमिस्ट्री शिकवतेस ना? मग रविवारी ये आणि तुझ्या मामाला शिकव.”

मामाला शिकवायचं म्हणजे पंचाईतच. रोल धुवायला मला त्यानेच शिकवलं. सांगलीत मारुती चौकाजवळ त्याचा स्टुडिओ होता, ४२ वर्षं. लग्नं, मुंजी, शाळेचे ग्रुप फोटो, पासपोर्ट, आणि गेलेल्या माणसांचे मोठे करून सेपिया केलेले फोटो. सुट्टीत गेले की मी लाल दिव्याखाली स्टुलावर उभी राहून ट्रे हलवायचे. कागदावर चेहरा उमटतो त्या क्षणाबद्दल सगळ्यांनी लिहून ठेवलंय, मी लिहीत नाही. मला त्याहून जास्त आठवतो तो मामाचा दम, “हलव, हलव, थांबू नको.”

गेल्या वर्षी गाळा सोडला आणि मामा-मामी मुलाकडे कोथरूडला आले. बरोबर फोटो मोठे करायचा एन्लार्जर आला आणि तासगावच्या द्राक्षांची दोन लाकडी खोकी आली. द्राक्षं अर्थातच नव्हती. गेली तीन वर्षं मीही माझ्या बाथरूमला काळं कापड लावून रोल धुते, त्यामुळे मी काही परकी परीक्षक नव्हते. हे आधीच सांगून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

रविवारी गॅलरीत वर्तमानपत्रं अंथरली, नातवाला त्याच्या आईबरोबर बागेत पाठवलं आणि खोकी उघडली. मी हातमोजे काढले तसा मामा हसला.

“ऑपरेशन आहे का कुणाचं?”

“तुझ्या बाटल्यांचं. मामा, आधी सांग, बाटलीत गोट्या कशाला?”

“हेच शिकवतेस कॉलेजात? अगं, डेव्हलपरचा वैरी कोण? हवा. बाटली अर्धी झाली की उरलेल्या अर्ध्यात हवा बसते आणि आतल्या आत डेव्हलपर खाते. भरलेल्या बाटलीत डी-७६ सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत दोन. मग काय करायचं? जेवढं काढलं तेवढ्या गोट्या टाकायच्या. पातळी पुन्हा गळ्याशी. काच धुऊन निघते, औषधाला काही करत नाही. तपकिरी बाटली कशासाठी, तर उजेड लागू नये म्हणून. ४२ वर्षांत माझं औषध कधी मेलं नाही. सांभाळणं म्हणतात याला.”

“पातळ प्लॅस्टिकची बाटली दाबून हवा काढता येते.”

“दुधाच्या कॅनसारखं ते पांढरं प्लॅस्टिक? त्यातून हवा आत झिरपते. तुला वाटतं झाकण लावलंय. आठ दिवसांनी बघ, चहा झालेला असतो.”

खरं होतं. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक हवा बरंच अडवतं, दुधी रंगाचं नाही अडवत. मामाला प्लॅस्टिकची नावं माहीत नव्हती, चहाचा रंग माहीत होता.

“मामा, तू औषध हवेपासून सांभाळतोयस. मामीला घर औषधापासून सांभाळायचंय. शब्द एकच आहे, म्हणून तुमचं भांडण होतंय.”

“भांडण तिचं आहे, माझं नाही,” मामा म्हणाला. आतून काही भांडं आपटल्याचा आवाज आला.

आता ‘औषध’ या शब्दाबद्दल. मामा रसायनाला औषधच म्हणतो, शेतकरी कीटकनाशकाला म्हणतात तसं. त्याच्या बाटल्यांवरही तेच होतं. जिथे काही लिहिलेलं शिल्लक होतं तिथे ‘औ. १’, ‘औ. २’, एका बाटलीवर ‘औ. जुनं’.

“चार वर्षांच्या पोराला आपण रोज काय सांगतो? औषध प्यायचं. गोड असतं. शहाणं बाळ औषध पितं. आणि उद्या तो वाचायला शिकेल.”

“मग काय लिहू? विष?”

“नाव लिही. आत जे आहे त्याचं नाव, विरलं कधी त्याची तारीख, आणि पिऊ नये एवढं. काही झालं तर दवाखान्यात पहिला प्रश्न विचारतात, काय पोटात गेलं? तेव्हा ‘औ. १’ सांगून भागत नाही. बाटली उचलायची आणि बरोबर न्यायची. त्या बाटलीने बोलायला हवं.”

मामी दारात येऊन उभी होती. “मी तर मिठाचं पाणी पाजून आधी ओकारी काढली असती.”

“ते मुळीच करायचं नाही, मामी. जाळणारं काही गेलं असेल तर येताना पुन्हा जाळत येतं. तोंड धुवायचं आणि थेट दवाखाना. डोळ्यात गेलं तर नळाखाली पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पोराने कितीही बोंब मारली तरी.”

मामी ‘बरं’ म्हणाली आणि खोक्यात वाकून बघायला लागली. एकदम तिने एक स्टीलचा मग उचलला, कडेला मापाच्या रेघा असलेला. “हा माझा दूध मोजायचा! दहा वर्षं शोधतेय!” मामा खोक्यात काहीतरी फार महत्त्वाचं शोधू लागला. मी मग मामीच्या हातातून परत घेतला. रसायनात एकदा गेलेलं भांडं पुन्हा ओट्यावर येत नाही, कितीही घासलं तरी. या एका मुद्द्यावर त्या दिवशी तिघांचं एकमत झालं, पण मग गेला तो गेलाच.

मामाचा खरा बचाव पुढे आला. त्याने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. नखं कडेला तपकिरी, बोटांच्या पेरांवर भेगा.

“हे बघ. ४२ वर्षं याच हातांनी प्रिंट उलटली. चिमटे वापरायचो नाही, चिमट्याने इमल्शनला चरा जातो. मेटॉल, हायड्रोक्विनोन, हायपो, सगळ्यात हात घातला. काय झालं?”

“पावसाळ्यात हाताला खाज यायची ना तुझ्या?”

“दमट हवा. सांगलीत सगळ्यांनाच येते.”

“सगळ्यांना नाही येत. डेव्हलपरमधल्या मेटॉलने येते. पहिली दहा वर्षं काही होत नाही आणि एक दिवस कातडी ठरवते, आता पुरे. मग चार थेंबही चालत नाहीत. तुझा हाताखालचा मुलगा कापडाच्या दुकानात का गेला?”

मामा गप्प झाला. तो मुलगा मला आठवतो. हाताला नेहमी फडकी गुंडाळलेली असायची. मामा त्याला नाजूक म्हणायचा.

“त्याचे हात फुटायचे,” मामा थोड्या वेळाने म्हणाला. “पण प्रिंट छान काढायचा.”

पण मामा असा हरणारा नाही. “बरं, तुझं लेबल. अंधारात लेबल कोण वाचतं? फिल्म रिळावर चढवताना लाल दिवासुद्धा नसतो. मिट्ट काळोख. तेव्हा हात पुढे करायचा आणि हाताला कळलं पाहिजे. डावीकडे डेव्हलपर, मग ॲसिडचा स्टॉप बाथ, उजवीकडे हायपो. डेव्हलपरच्या गळ्यात एक रबर, हायपोच्या गळ्यात दोन. तुझी ती छापील लेबलं काळोखात काय करणार?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या बाथरूममध्ये सहा एकसारख्या पांढऱ्या बाटल्या आहेत, प्रत्येकीवर सुबक छापील लेबल. मागच्या महिन्यात उजेड बंद करून मी आधी फिक्सर, म्हणजे मामाचा हायपो, ओतला होता. एक रोल, ३६ फोटो, सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ. हे मी मामाला सांगितलं नव्हतं. तेव्हाही नाही सांगितलं. पण रबरं किती लागतील ते मनात मोजून ठेवलं.

मग जागेचं निघालं. मामाला बाटल्या माळ्यावर हव्या होत्या, बाथरूमच्या वरच्या. माझा नियम उलटा, कुठलीही पातळ रसायनं डोळ्यांच्या वर ठेवायची नाहीत. बाटली काढताना निसटली तर ती तोंडावर येते, पायावर नाही.

“खाली ठेवून बघ एकदा कृष्णेकाठी,” मामा म्हणाला. “२००५ ला खालचा खण गेला. सगळे ब्रोमाइडचे कागद, दोन कॅमेरे. तेव्हापासून मी सगळं वर न्यायला लागलो, पार छतापर्यंत. २०१९ ला पाणी त्याच्याही वर आलं. पण बाटल्या तरंगल्या, फुटल्या नाहीत. लेबलं तेवढी गेली.”

म्हणजे निम्म्या बाटल्या कोऱ्या का होत्या ते आत्ता कळलं. खळीने चिकटवलेले कागद पुराने सोलून नेले होते. सांगलीच्या माणसाला ‘खाली ठेव’ म्हणणं किती सोपं आहे, ते पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मला कळायला नको होतं का? पुस्तकातले नियम लिहिणाऱ्याच्या दारात पाणी आलेलं नसतं.

“इथे पूर नाही येणार, मामा. पण माळ्याशेजारी गीझर आहे. एप्रिलमध्ये तिथे हात लावून बघ. तुझं निर्जळ ॲसेटिक ॲसिड १६ अंशांवर गोठतं आणि ४० अंशांच्या आसपास त्याची वाफ पेटायला तयार असते.”

“गोठतं ते माहितीये. डिसेंबर-जानेवारीत बाटलीत बर्फ व्हायचा. कोमट पाण्यात ठेवायचो.” पेटण्याबद्दल तो काही बोलला नाही. खोक्यातली एक कोरी बाटली उचलली, बूच काढलं, नाकाशी नेली. “हा बघ. लेबल नसलं म्हणून काय झालं? हायपो. मंद वास असतो, गंधकाचा. तुम्हाला लेबलं लागतात, आम्हाला नाक आहे.”

मी दोन हात लांब बसले होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आतून मामीने विचारलं, “आंबट कसला वास सुटलाय गं?”

“मामा, झाकण लाव. ते ॲसिड आहे. निर्जळ.”

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सावकाश बूच लावलं. “सर्दी झालीये मला.”

“२०२१ च्या मे महिन्यापासून आहे ती सर्दी,” मामी दारातून म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. “करोनात गेला तो वास आलाच नाही परत. दूध जळून कोळसा झालं तरी बाजूला पेपर वाचत बसलेले असतात.”

गॅलरीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. खाली भंगारवाला ओरडत गेला. मला वाईट वाटलं ते वासाचं नाही, तर त्याने चार वर्षं वास येत असल्याचं नाटक केलं होतं त्याचं. चहाचं कौतुक करायचा, आमटीचं करायचा.

पुढचा डबा मी त्याच्या हातात दिला नाही. पत्र्याचा होता, झाकणाला मेण लावलेलं. आत पिवळट तपकिरी खडे, ओल धरून एकमेकांना चिकटलेले. सोडियम सल्फाइड. सेपियासाठी. आधी फेरीसायनाइडने फोटो पांढरा करायचा, मग या सल्फाइडच्या पाण्यात बुडवला की तो तपकिरी होऊन परत येतो. सांगलीतल्या निम्म्या घरांत भिंतीवर टांगलेले आजोबा या डब्यातून आलेत.

“याला सडक्या अंड्याचा वास येतो,” मी म्हटलं.

“यायचा.”

“यात ॲसिड पडलं तर जो वायू निघतो तो जीव घेतो. आणि त्याची खोड अशी की थोडा असला तर वास फार, आणि जास्त झाला की तो आधी नाकच बधिर करतो. माणसाला वाटतं, वास गेला, संकट टळलं. ज्यांचं नाक धडधाकट आहे त्यांनाही नाकावर विसंबून चालत नाही, मामा. हे तुझ्या एकट्यापुरतं नाही.”

हे मी त्याच्या समाधानासाठी म्हटलं, पण आहेही तसंच.

“मी हा नेहमी लांब ठेवायचो,” तो म्हणाला. “कागदापासून. याच्या वाफेने कागद काळवंडतात.”

पुन्हा तेच. त्याने सल्फाइड बरोबर लांब ठेवलं होतं, कारण फक्त कागदाचं होतं. आणि खोक्यात ते बसलं होतं ॲसिडच्या बाटलीला खेटून, कारण पुण्याला येताना खोकं हमालाने भरलं होतं. हमालाला काय माहीत? मामाच्या डोक्यात जे होतं ते खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

“आणि बाथरूममध्ये काय आहे?” मी मामीला विचारलं. “संडास धुवायचं?”

“आहे की. निळी बाटली.”

“त्यात मिठाचं ॲसिड असतं. ते हायपोवर पडलं तर काय होतं, ते मी दर वर्षी मुलांना दाखवते. कागदावर फुली काढायची, वर चंचुपात्र ठेवायचं, हायपोत ॲसिड घालायचं आणि फुली दिसेनाशी व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. गंधक बाहेर पडून पाणी दुधाळ होतं. मुलं घड्याळ बघतात, मी खिडक्या उघडते, कारण बरोबर सल्फर डायऑक्साइड सुटतो. दम्याच्या माणसाला तो चार घोटही सोसत नाही. प्रयोगशाळेत हा प्रयोग आहे. तुझ्या बाथरूममध्ये तो अपघात होईल. म्हणून बाथरूममध्ये फोटो करा, पण तिथे काही ठेवू नका. काम झालं की बाटल्या बाहेर.”

फेरीसायनाइडच्या लाल खड्यांची बरणी बघून मामीने नावातलं ‘सायनाइड’ तेवढं वाचलं आणि कपाळाला हात लावला. तिला समजावलं, यातलं सायनाइड लोखंडाने घट्ट धरून ठेवलेलं असतं, सहसा सुटत नाही. कडक ॲसिड आणि उष्णता मिळाली तर मात्र सुटतं. म्हणून याचीही जागा ॲसिडपासून दूर. पोटॅशियम बायक्रोमेटची नारिंगी पुडी मात्र मी समजावत बसले नाही, सरळ बाजूला काढली. मामा त्याने ट्रे घासायचा. कर्करोग होणारी वस्तू आहे, घरात तिचं काही काम नाही.

“फाळक्यांच्या घरी काय होतं मग?” मामाने शेवटचा हुकमी पत्ता काढला. “१९१३ साली दादरच्या राहत्या घरात ‘राजा हरिश्चंद्र’ केला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रांधून, वाढून, वर फिल्मला भोकं पाडायच्या आणि केमिकल मिसळायच्या. लहान पोरं होती घरात. तेव्हा तुमचे हातमोजे होते?”

“सरस्वतीबाईंना कुणी विचारलं होतं का,” मामी म्हणाली, “केमिकल कुठे ठेवायची म्हणून?”

मामा हसला. मीही हसले. पण मला वाटतं, अख्ख्या दिवसातला सगळ्यात धारदार प्रश्न तोच होता.

दुपारच्या चहानंतर बाजू उलटली. चहा ओट्यावर, हात धुऊन, गॅलरीत नाही, हे मामीने न सांगता केलं. खोक्यातला शेवटचा मोठा ऐवज म्हणजे वीस लिटरचा काळा कॅन. अर्धा भरलेला.

“हा काय?”

“वापरलेला हायपो.”

“वापरलेला? हा सांगलीहून पुण्यापर्यंत आणलास?”

“मग काय टाकू? चांदी आहे त्यात.” मामा खुर्चीत सरसावून बसला. “फिल्मवर जिथे उजेड पडला नाही तिथली सगळी चांदी हायपोत विरघळते. प्रिंटची पण. आमच्याकडे चांदीकामाच्या हुपरीचा एक माणूस यायचा, वर्षातून दोनदा. वापरलेला हायपो घेऊन जायचा, एक्स-रेवाल्यांकडूनही घ्यायचा. त्याने मला शिकवलं. घासणी घ्यायची, पण भांड्याची स्टीलची नाही, ती गंजत नाही, तिचा उपयोग नाही. हार्डवेअरमध्ये लोखंडाची लोकर मिळते, पॉलिशवाले वापरतात ती. ती हायपोत टाकून ठेवायची, झाकण सैल. लोखंड विरघळत जातं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. आठवडाभराने वरचं पाणी काढून टाकायचं. तू काय करतेस तुझ्या हायपोचं?”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“सांग ना, बाई. प्रोफेसर आहेस.”

“बाथरूमच्या जाळीत ओतते,” मी म्हटलं. “भरपूर पाण्याबरोबर.”

“म्हणजे मुठेत.”

मी काही बोलले नाही. मैलापाणी शुद्ध करायचं काम ज्या जिवाणूंवर सोपवलेलं असतं त्यांनाच चांदी मारक ठरते, हे मला माहीत होतं. वर्गात सांगितलंही असेल. डेव्हलपर पातळ करून थोडं थोडं गटारात गेलं तर शहराच्या मैलाशुद्धीला फारसं जड जात नाही. घराची स्वतःची सेप्टिक टाकी असेल तर तेही नको. पण फिक्सरचं तसं नाही. तीन वर्षं, महिन्याला एक लिटर. मामाने ४२ वर्षांत एक लिटर नाल्यात सोडला नव्हता. नदीसाठी नाही, हुपरीच्या माणसासाठी. नदीला कारणाशी काय घेणं?

“तुझा हायपो माझ्या घरी आणून ठेव,” मामा म्हणाला. “नाही, नको. माझा तुझ्याकडे घेऊन जा. इथे ही ठेवू देणार नाही.” मामीने मान हलवली.

संध्याकाळपर्यंत जागा ठरली. पॅसेजमधलं जोड्यांचं कपाट, भिंतीत बसवलेलं. ऊन लागत नाही, चूल आणि गीझर लांब, देवघराच्या खाली नाही (ही अट मामीची, आणि रसायनशास्त्रात तिला विरोध नाही). खालच्या खणात एक खोल प्लॅस्टिकचा ट्रे, त्यात डेव्हलपर आणि हायपो. गळलं तर ट्रेमध्ये गळेल. भुकट्या वरच्या खणात, कोरड्या बरण्यांत. सल्फाइड आणि फेरीसायनाइड वेगवेगळ्या डब्यांत, टेपने बंद, गॅलरीतल्या लोखंडी पेटीत. मामा सेपिया पुन्हा करणार का, या प्रश्नावर तो म्हणाला, “बघू.” निर्जळ ॲसिडची बाटली मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेणार. आमच्याकडे असल्या वस्तू रीतसर उचलणारे येतात.

“आणि स्टॉप बाथ कशाचा करू? माझ्या डोक्याचा?”

“व्हिनेगरचा. पांढरं, वाण्याकडचं. एकाला दोन पाणी. तेवढं ॲसिड पुरतं.”

“चायनीजच्या गाडीवरचं व्हिनेगर!” मामाने आकाशाकडे पाहिलं. “बेचाळीस वर्षं.”

कुलपावर खरं भांडण झालं, ते सगळं लिहीत नाही. त्याला वाटलं, स्वतःच्याच औषधाला कुलूप म्हणजे त्याच्यावरच अविश्वास. शेवटी मामी म्हणाली, “कुलूप पोरासाठी आहे, किल्ली तुमच्यासाठी. उंच खिळ्याला लावते, तुमचा हात पोचतो, त्याचा नाही.” किल्ली त्याच्याकडे आहे म्हटल्यावर तो निवळला. भुकटी कालवायची ती दुपारी, पोरगा झोपला असताना, गॅलरीत, तोंडाला फडकं बांधून, कारण हायड्रोक्विनोनची धूळ छातीत जाते. पाणी आधी, भुकटी नंतर. हा शेवटचा क्रम त्याला सांगायची गरज पडली नाही. त्याने डोळे मिटून पाढा म्हणावा तसं म्हणून दाखवलं, “चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल २, मग उरलेलं सल्फाइट, सगळं मिळून १००, हायड्रोक्विनोन ५, टाकणखार २, पाणी लिटरभर.” मी तपासलं. एकही चूक नाही.

आणि गोट्या? त्यावर मामाच म्हणाला, “गोट्या काढून टाक. लहान बाटल्या आण, पाव लिटरच्या, तपकिरी. एक उघडली की संपवायची. हवेला जागाच नको.” मी सुचवायच्या आधी म्हणाला, हे इथे नोंदवते. धुतलेल्या गोट्या मामीने वाळत घातल्या आणि नंतर कुणाला दिसणार नाहीत अशा ठिकाणी फेकल्या.

लेबलं लिहायला मामाने रिटचिंगचा बारीक ब्रश आणि ऑइल पेंटची डबी काढली. कागद नाही, थेट काचेवर, पुराने जाणार नाही असं. त्याचं अक्षर अजून तेच आहे, स्टुडिओच्या पाटीवरचं, टोकदार वेलांट्या. ‘डी-७६. पिऊ नये. तारीख’, आणि गळ्यात एक रबर. ‘हायपो. पिऊ नये’, दोन रबरं. ‘औषध’ त्याने कुठेच लिहिलं नाही. मी काही बोलले नाही, त्यानेही नाही.

शेवटी एक बाटली उरली. अर्धा लिटर, तपकिरी, पाण्यासारखं पातळ. कोरी. मी हातमोज्याने धरून उजेडात बघितली, तळाशी बारीक पांढरा थर होता. मामाने झाकणाकडे हात नेला आणि मागे घेतला.

“काय असेल?” मी विचारलं.

तो बराच वेळ विचार करत राहिला. २०१९ च्या आधी कुठल्या फळीवर होती, तिच्या शेजारी काय होतं, आठवत बसला असावा. मग ब्रश बुडवला, बाटली कडेला वळवली आणि सावकाश लिहिलं, ‘माहीत नाही’. खाली तारीख घातली, आणि रंग वाळेपर्यंत ती ॲसिडच्या बाटलीपासून लांब, गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.